किर्गिझस्तानात ट्रेक: गाइड घ्यावा की आपलं आपण जावं?

घाटवाटे
नमस्कार मंडळी. जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य असं किर्गिझस्तानला जायचं घाटतंय. आम्ही तिघं, मी, बायको आणि मेव्हणा. सह्याद्री नेहमीचाच, हिमालयात हम्प्ता आणि केदारकंठा झालेत, त्यामुळे अगदीच नवखे नाही. ढोबळ प्लॅन असा की बिश्केकला उतरायचं, तिथून कोचकोर, मग घोड्यावरून सोंगकुल तलाव, तिथे युर्तमध्ये (तिकडच्या मेंढपाळांचा लोकरी गोल तंबू) दोन रात्री, मग काराकोल गाव गाठायचं आणि तिथून आलाकुलचा तीन दिवसांचा ट्रेक करून आल्तिन-अराशानच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं.

प्रश्न असा की पुण्यातल्या एका कंपनीने सगळं मिळून जे कोटेशन दिलंय ते बघून आधी मलाच विरळ हवेचा त्रास झाला. ऑफिसातला एक जण म्हणतो गाइडची काहीच गरज नाही, ऑफलाइन मॅप डाउनलोड करायचा आणि चालायला लागायचं. बायको म्हणते भाषा येत नाही, मोबाईलला रेंज नाही, काही झालं तर कोणाला हाक मारणार. मेव्हणा शुद्ध शाकाहारी आहे (अंडं चालतं) आणि त्याची चिंता वेगळीच आहे. कोणी स्वतः जाऊन आलंय का? आणि इतका खटाटोप करण्यापेक्षा सरळ लडाख बरं असं कोणाला वाटत असेल तर तेही सांगा.

पहिलानंबर
मी पयला! वाचतोय. पण हा देश नक्की आला कुठे? मला सगळे स्तान सारखेच वाटतात.

नकाशेवाला
@पहिलानंबर, वर कझाकस्तान, पूर्वेला चीन, खाली ताजिकिस्तान, पश्चिमेला उझबेकिस्तान, मध्ये हा अडकलेला. समुद्र नाही, रेल्वे नावापुरती, आणि नव्वद टक्क्यांच्या वर जमीन डोंगराळ. देशाची सरासरी उंचीच २७०० मीटरच्या पुढे जाते.

आपल्या लोकांना पटकन कळावं म्हणून सांगतो, इसिककुल तलावाच्या पाण्याची पातळी १६०७ मीटर आहे. कळसूबाईचा माथा १६४६. म्हणजे कळसूबाईवर उभं राहून चाळीसेक मीटर खाली बघायचं आणि तिथे जवळपास १८० किलोमीटर लांब तलाव, बीचवर लोक टॉवेल टाकून पडलेले आणि समोर बर्फाची रांग! खोली ६६८ मीटर, पाणी किंचित खारट आणि हिवाळ्यात गोठत नाही. काराकोल गाव याच तलावाच्या पूर्व टोकाला आहे.

रानमीरा
मी आणि मैत्रीण जाऊन आलोय, दोघीच, आलाकुलला गाइड न घेता. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आलाकुलची वाट सीझनमध्ये म्हणजे जुलै ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा इतकी वाहती असते की चुकायचं म्हटलं तरी अवघड. काराकोल दरीच्या तोंडाशी पार्कचं गेट, तिथे फी भरायची, मग नदीच्या काठाने आरामात चाल, पुढे पूल ओलांडून उजवीकडची वाट सोडायची आणि जंगलातून उभा चढ सुरू. पहिली रात्र सिरोता कॅम्पला, २९०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी तलाव, तो ३५०० च्या थोडा वर, आणि तलावाच्या कडेकडेने वर चढून खिंड, ती साधारण ३९०० ला. तिथून पलीकडे उतरायचं ते केल्दिके दरीत आणि मग आल्तिन-अराशान. युर्त कॅम्प आहेत वाटेवर, टेंट नसला तरी निभतं.

आता खरं काय ते सांगते. खिंडीपलीकडचा उतार म्हणजे निव्वळ घसारा, पायाखालून सरकणारी दगडमाती. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या उभ्या घळीत, उतरायची सवय असेल तर हसत उतराल, हिमालयात फक्त मळलेल्या वाटेवर चालला असाल तर तिथे बसून बसून उतरणारे बरेच दिसतात त्यांच्यात सामील व्हाल. ट्रेकिंग पोल घ्याच. उलट दिशेने जाऊ नका, तोच घसारा चढायचा म्हणजे दोन पावलं वर आणि एक खाली.

भाषेचं म्हणाल तर रशियन ऑफलाइन ट्रान्सलेटरमध्ये टाकून ठेवायची, बाकी हातवारे. काराकोलमध्ये गेस्ट हाउसवाल्यांना बऱ्यापैकी इंग्रजी येतं. बायका म्हणून आम्हाला डोंगरात कुठेही त्रास झाला नाही. शहरात रात्री उशिरा फिरलो नाही इतकंच.

सोंगकुलला मात्र घोडेवाला घ्याच, तो गाइडच असतो.

जुनादोर
@रानमीरा, लिहिलंय छान पण "चुकायचं म्हटलं तरी अवघड" हे वाक्य मला पटलं नाही. वाट चुकणं हा त्या डोंगरातला सगळ्यात छोटा धोका आहे. दुपारी दोननंतर तिएनशानमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य पर्वतरांगेत, हवा कधी फिरेल सांगता येत नाही, खिंडीवर विजा आणि गारा दोन्ही ऑगस्टमध्ये मिळतात. नद्या हिमनदीच्या पाण्यावर चालतात, सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागतो. हे सह्याद्रीत शिकायला मिळत नाही, आपल्याकडे पाऊस पडला तरच ओढा फुगतो, तिथे ऊन पडलं की फुगतो.

जुलै २०२२ मधला तो व्हिडिओ आठवतोय का? जुकूजवळ हिमनदीचा कडा कोसळला आणि एक ब्रिटिश ट्रेकर शेवटच्या क्षणापर्यंत शूटिंग करत उभा होता. तो डोंगर इसिककुलच्या दक्षिणेच्याच रांगेतला आहे. नशीब म्हणून कोणी दगावलं नाही. गाइड असला म्हणून कडा थांबत नाही हे मान्य, पण कुठे थांबू नये हे त्याला माहीत असतं.

आणि रेस्क्यू. आपल्याकडे फोन केला की निदान गावातली पोरं दोर घेऊन धावत येतात. तिथे हेलिकॉप्टर म्हणजे आधी पैशाचं बोला, मग हवा बघू.

रानमीरा
@जुनादोर, ओढ्यांचं शंभर टक्के बरोबर, मी लिहायला हवं होतं. पण आलाकुलच्या नेहमीच्या वाटेवर मोठ्या नद्यांना पूल आहेत. तुम्ही सांगताय ते धोके जिरगालान किंवा जुकूसारख्या कमी वर्दळीच्या बाजूला जास्त. सगळ्यांना एकच औषध कशाला?

जुनादोर
औषध एकच नाही, पण पेशंटने आपला आजार स्वतः ठरवू नये.

टवाळकार्टं
दोर आणि मीरा, पॉपकॉर्न आणलेत, चालू द्या.

बिश्केककर_लातूरचा
नमस्कार. मी इथे बिश्केकमध्ये एमबीबीएस करतोय, शेवटचं वर्ष. लातूरचा आहे, पण पॅटर्न इकडे नेऊन लावला. आपली मराठवाडा-विदर्भाकडची पोरं इथे भरपूर आहेत, ओश शहरात पण आहेत.

काही गोष्टी स्पष्ट सांगतो. बिश्केक ते काराकोल ४०० किलोमीटर धरा, मार्शरुत्का म्हणजे आपली वडाप, पश्चिम बसस्टँडवरून सुटते, भरली की निघते, सहा-सात तास. सामानाची बॅग मोठी असेल तर एका सीटचे पैसे जास्त मागतात, घासाघीस करा. कोचकोरला जायलाही तिथूनच गाडी. शेअर टॅक्सी जरा महाग पण वेगात जाते, कधीकधी जरुरीपेक्षा जास्त वेगात.

एक विषय कोणी काढला नाही म्हणून मीच काढतो. मे २०२४ मध्ये इथे परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर जमाव चालून आला होता, आपल्या दूतावासाने बाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. घरच्यांनी रडून रडून फोन केले. ते दिवस वाईट होते, खोटं बोलणार नाही. त्यानंतर निवळलं आणि टुरिस्ट लोकांचा त्याच्याशी संबंध आला नाही. पण दारूच्या दुकानांच्या आसपास रात्री रेंगाळू नका, हे मी माझ्या ज्युनिअरला सांगतो तेच तुम्हाला.

गावाकडची माणसं मात्र एकदम वेगळी. सुट्टीत मित्राच्या गावी गेलो तर चहा संपवला की लगेच परत ओततात, थोडाथोडाच, पेला भरून दिला तर पाहुण्याला घालवायची घाई आहे असा अर्थ होतो म्हणे.

घाटवाटे
@बिश्केककर_लातूरचा, फार उपयोगी. आणि मेव्हण्याचं काय करू? तो मांसाच्या रश्श्यातले तुकडे बाजूला काढून खाणाऱ्यातला नाही.

बिश्केककर_लातूरचा
तीच अडचण आहे. "बेझ म्यासा" म्हणजे मांस नको सांगितलं की ते डोळ्यांदेखत तुकडे काढतात आणि ताट पुढे करतात, मनापासून करतात, राग धरू नका. काराकोलला आश्ल्यान-फू नावाचा प्रकार मिळतो, थंडगार, आंबट-तिखट, नूडल्स आणि स्टार्चच्या वड्या, दुंगान लोकांची (मूळचे चीनमधले मुसलमान) खासियत. बहुतेक ठिकाणी त्यात मांस नसतं, अंडं असतं, तरी विचारून घ्या. जैलूवर म्हणजे वरच्या कुरणांवर ब्रेड, बोरसोक (तळलेले पिठाचे गोळे), कायमाक म्हणजे दाट साय, आणि घरचा जॅम. पोट भरतं. बिश्केकमध्ये भारतीय जेवण मिळतं, ते आमच्यासारख्यांच्या जिवावर चालतं.

सुगरणआजी
मेतकूट, दाण्याची चटणी, आणि उपम्याचं भाजून ठेवलेलं मिश्रण. गरम पाणी तर मिळेलच ना. कसली चिंता करताय, बद्रीकेदार आम्ही असंच केलं.

टवाळकार्टं
आजी, तिथल्या कायमाकात मेतकूट घातलं तर युर्तवाली तुम्हाला दत्तक घेईल.

कोल्हापुरीरस्सा
मेव्हण्याला इथेच सोडा आणि त्याच्या वाटणीचं बेशबारमाक (मांस घातलेल्या नूडल्स) मला खायला पाठवा. घोड्याचं मांस असतं म्हणे सणासुदीला, तेवढं सोडून सगळं चालेल.

बरं घोडीचं दूध कोणी प्यायलंय का? कुमीस.

रानमीरा
प्यायलंय. कुरणावर पहिल्याच युर्तमध्ये वाडगाभर पुढे आला. आंबट, फसफसणारं आणि धुराचा वास, कारण ज्या कातडी पिशवीत घुसळतात तिला धुरी देतात. थोडी नशा असते पण नशा चढण्याआधी पोट बोलतं. घोटभर घ्या, मान डोलवा, ठेवून द्या.

कोल्हापुरीरस्सा
म्हणजे पांढऱ्या रश्श्याला धोका नाही. निश्चिंत झालो.

पोथीनिष्ठ
थोडं अवांतर. आपण हा देश नवीन म्हणून बोलतोय, पण ह्युएनत्संग इसवी सन ६३० च्या सुमारास याच तिएनशानची बर्फाची खिंड ओलांडून इसिककुलच्या काठाने गेला. खिंडीत त्याचे बरेच सोबती आणि जनावरं थंडीने मेली. पुढे सुयाब नावाच्या गावी पश्चिमी तुर्कांच्या खागानाने म्हणजे राजाने त्याचा पाहुणचार केला, ते ठिकाण आजच्या तोकमोकजवळ आहे, बिश्केकपासून फार लांब नाही. तिथले अवशेष आणि जवळचा बुराना मनोरा हे २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हाच माणूस नंतर दहाएक वर्षांनी पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रात आला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असं काहीसं त्याने लिहून ठेवलंय.

टवाळकार्टं
म्हणजे १४०० वर्षांपूर्वीच त्याने आपले धागे वाचले होते तर.

पोथीनिष्ठ
:) सांगायचा मुद्दा, बिश्केकमध्ये एक दिवस मोकळा असेल तर बुराना करा, नुसतं मॉलमध्ये फिरू नका.

घोडनवरा
सोंगकुलबद्दल माझे दोन पैसे. किझार्त गावाकडून घोड्यावर जायचं असेल तर मधली एक रात्र किलेम्चेच्या कुरणावर काढा. बरेच लोक बिश्केकहून सकाळी गाडीत बसतात आणि संध्याकाळी ३०१६ मीटरवर उतरतात, बिश्केक ८०० मीटरवर आहे हे विसरून. मग रात्री डोकं दुखतं आणि सगळा दोष युर्तच्या शेगडीला. कोचकोरला एक मुक्काम केला, ते १८०० वर आहे, तर शरीराला जरा वेळ मिळतो. कोचकोरमध्ये शिरदाक म्हणजे लोकरीच्या नमद्याचे गालिचे बनवतात, ती कला युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीने जपायच्या यादीत घातली. बायको बरोबर असेल तर बॅगेत जागा ठेवा.

घोडे लहानखुरे पण काटक. दहा-बारा वर्षांची पोरं खोगीर न घालता उधळत जातात ते बघून आपल्यालाही जोर येतो, येऊ देऊ नका. हेल्मेट बहुतेक ठिकाणी नसतं, मागून बघा. पहिल्या दिवशी चारेक तासांच्या वर बसू नका नाहीतर दुसऱ्या दिवशी जेवायलाही उभंच राहावं लागेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, इन्शुरन्सची पॉलिसी वाचा, बारीक अक्षर सकट. घोडेस्वारी वगळलेली असू शकते, किती मीटरपर्यंत कव्हर आहे ते असतं, तुमची खिंड ३९०० ला आहे. माझ्या पॉलिसीत हे दोन्ही मुद्दे होते, वेगळा रायडर घ्यावा लागला.

अनामिका_सात
युर्तमध्ये टॉयलेटचं काय असतं? हा प्रश्न पुरुष मंडळी कधीच विचारत नाहीत.

रानमीरा
@अनामिका_सात, कॅम्पपासून लांब लाकडी खोपटं, खाली खड्डा. स्वच्छता कॅम्पवाल्यावर. रात्री हेडलॅम्प, जाड जॅकेट आणि कुत्र्यांना घाबरायचं नाही, ती कॅम्पचीच असतात. मेंढरांच्या कळपाबरोबरची कुत्री मात्र वेगळी, त्यांच्यापासून लांबून वळसा घ्या. युर्तच्या आत ऊब चांगली असते, शेगडीत वाळलेलं शेण जाळतात, आपल्या गोवऱ्याच. पहाटे विझते तेव्हा कळतं बाहेर किती थंडी आहे.

हिमबिबट्या
हा धागा बघून खूप वर्षांची इच्छा उफाळून आली. लेनिन पीक कोणी केलंय का? ७१३४ मीटर, आणि सगळे म्हणतात सात हजारांतलं सगळ्यात सोपं.

जुनादोर
@हिमबिबट्या, "सोपं" हा शब्द लेनिनला लावणारे लोक बेस कॅम्पवरून फोटो टाकतात. उभे कडे नाहीत म्हणून तांत्रिक कमी, एवढंच. पहिल्या कॅम्पच्या वर हिमनदीत भेगा आहेत, दोर बांधून चालावं लागतं, आणि शिखराची धार लांबलचक उघडी, वारा लागला की परतीचा रस्ता मोठा होतो. १९७४ मध्ये एल्विरा शतायेवाच्या नेतृत्वाखाली आठ सोव्हिएत महिला गिर्यारोहक वरच्या वादळात गेल्या, एकही वाचली नाही. आणि जुलै १९९० मध्ये भूकंपाने हिमस्खलन होऊन एका रात्रीत कॅम्पमधले ४३ जण गाडले गेले.

जायचं असेल तर जा, शिखर सुंदर आहे, पण आधी भारतात सहा हजारी एखादं नीट कर. त्या देशात किंवा त्याच्या सीमेवर सात हजारी तीन आहेत, लेनिन, खान तेंग्री आणि पोबेदा, म्हणजे आताचं जेंगिश चोकुसू, ७४३९. शेवटच्याचं नाव तोंडात घेताना तिकडचे जुने गिर्यारोहक पण आवाज खाली आणतात. ताजिकिस्तानातली दोन धरून पाचही केली की हिमबिबट्या ही पदवी मिळते, तू ती आयडीत आधीच लावून घेतलीस.

हिमबिबट्या
दंडवत घ्या काका. आयडी बदलायला अॅडमिनला सांगतो.

कागदपत्रेवाला
व्हिसाचं कोणी बोललं नाही अजून. आपल्याला किर्गिझ ई-व्हिसा लागतो, अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, मधले दलाल टाळा. नियम मध्येच बदलतात, तिकीट काढायच्या आधी बघा. अल्माटीमार्गे जाणं हा दुसरा पर्याय, कझाकस्तानात भारतीयांना २०२२ पासून १४ दिवस व्हिसा लागत नाही, अल्माटी ते बिश्केक रस्त्याने चार-पाच तास, सीमेवर रांग किती त्यावर. काराकोलच्या जवळ कारकारा चौकी आहे ती उन्हाळ्यातच उघडी असते आणि ई-व्हिसावर प्रत्येक चौकीतून आत घेतील असं नाही, ती यादी तपासा.

आलाकुल-सोंगकुलला वेगळा परवाना नाही. चीनच्या सीमेलगत म्हणजे इनिलचेक हिमनदी किंवा केलसू तलाव करायचा असेल तर बॉर्डर झोनचं पत्र आधी काढावं लागतं.

गॅजेटगुरू
वर रेस्क्यूचं आलंय म्हणून, सॅटेलाइट मेसेंजर घेऊन जा ना, बटण दाबलं की झालं.

कागदपत्रेवाला
@गॅजेटगुरू, थांब. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट उपकरण बाळगणं बेकायदा आहे. दाबोळीला परदेशी पाहुण्यांना याच कारणाने अडवलेलं पेपरात आलं होतं. विमानतळावरच ट्रेक संपेल. लागलंच तर तिकडे काराकोलमध्ये भाड्याने मिळतं का विचारा आणि तिथेच परत करा.

लेहवाला
मी आतापर्यंत गप्प होतो. लडाख बरं. भाषा कळते, डाळभात मिळतो, आपले पैसे आपल्याच देशात. आणि ज्यांना मरखा व्हॅलीतली रिकामी कुरणं माहीत नाहीत ते उगाच सात समुद्रापार, म्हणजे समुद्र नाहीच मध्ये, पण कळलं ना.

घोडनवरा
@लेहवाला, लडाखला तोड नाही, पण ते कोरडं. तिएनशानच्या उत्तर उतारावर सूचिपर्णी जंगल, खाली हिरवंगार गवत, वर हिमनदी, हे सगळं एका दिवसाच्या चालीत. आणि उंची कमी, त्यामुळे मुंबईहून थेट येणाऱ्याला लेहपेक्षा सोपं जातं. खर्च विमान धरून लडाखपेक्षा जास्तच, ते मान्य.

लेहवाला
खर्च मान्य केलात यातच सगळं आलं.

घाटवाटे
सगळ्यांचे मनापासून आभार. तिघांनी बसून दोन्ही बाजू वाचल्या (बायको पूर्णपणे जुनादोर पक्षात, मेव्हणा सुगरणआजी पक्षात). ठरलं असं: पुण्याचं पॅकेज रद्द. कोचकोरला एक रात्र, मग किझार्तवरून घोडे आणि घोडेवाला तिथल्याच सीबीटीच्या (गावकऱ्यांनी चालवलेली पर्यटन संस्था) लोकांकडून, मधला मुक्काम किलेम्चेला. आलाकुलसाठी काराकोलमध्ये एक स्थानिक गाइड फक्त दुसऱ्या दिवसापुरता, म्हणजे तलाव, खिंड आणि उतार. सकाळी अंधारातच निघायचं आणि दुपारच्या आत खिंड पार. हे असं एका दिवसापुरतं कोणी येतं का? आणि गॅसचे सिलेंडर विमानात नेता येत नाहीत, तिथे मिळतात का?

रानमीरा
गॅस काराकोलमध्ये भाड्याने सामान देणाऱ्या दुकानात मिळतो, बिश्केकमध्येही, स्क्रूवाला. एका दिवसाचा गाइड अवघड, कारण त्याला सिरोतापर्यंत चालत यावंच लागतं आणि आल्तिन-अराशानहून परतही जावं लागतं. दोन दिवसांचे पैसे धरा. पोर्टर-कम-गाइड विचारा, एक सॅक तरी कमी होईल.

जुनादोर
हे उत्तम. आणि गाइड ठरवताना एवढंच विचारा, दुपारी हवा बिघडली तर काय करशील. "परत फिरू" म्हणाला तर घ्या. "काळजी करू नका" म्हणाला तर दुसरा बघा.

बिश्केककर_लातूरचा
बिश्केकला उतरलात की मेसेज टाका. येताना जागा असेल तर लातूरकडची शेंगदाण्याची चटणी अर्धा किलो आणता का, हॉस्टेलमध्ये दहा जण वाट बघतायत.

कोल्हापुरीरस्सा
तांबड्याचा मसाला पण पाठवतो, पत्ता व्यनि करा.